बसऱ्याला गेलेली माणसं : गावच्या पाटीवर आकडा आहे, नावं कुठे आहेत?

निरगुडी
मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा काढायची पहिलीच वेळ. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. दिवाळीला गेलो तेव्हा चावडीची दुरुस्ती चालली होती. भिंत खरवडताना गवंड्याला चुन्याच्या थराखाली संगमरवरी पाटी लागली. पाटी तिथे आहे हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतं, पण दरवर्षी चुना, मधे कधीतरी ऑइल पेंट, असं चढत चढत ती भिंतीतच गेलेली. अक्षरं इंग्रजी म्हणून चुलतभावाने मला हाक मारली. वाचता येईना तेव्हा वहिनींनी देवघरातला गुलाल आणला, पाटीवर चोळला आणि वरचा फडक्याने पुसला, मग खाचांत राहिलेल्या गुलालाने अक्षरं उठून दिसायला लागली. मराठीत सांगायचं तर मजकूर एवढाच की या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यातल्या ६ जणांनी प्राण दिले. गेलेल्यांच्या आकड्यात रंग बसलाय, पहिला अंक २ की ३ यावर तिथेच वाद झाला. ६ मात्र स्वच्छ वाचता येतो.

नाव एकही नाही.

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, "थोरला बसऱ्याला गेला तो तिकडंच राह्यला." थोरला म्हणजे माझ्या पणजोबांचे मोठे भाऊ, बसरा म्हणजे आताच्या इराकातलं. आत्याला विचारलं थोरल्याचं नाव काय, तर तिलाही माहीत नाही. सगळे थोरलाच म्हणायचे. लग्न झालेलं होतं, मूलबाळ नव्हतं, बायको नंतर माहेरी निघून गेली, त्यामुळे वंशावळीत त्याच्या पुढे रेघच नाही. आता मला सारखं वाटतंय की त्या ६ मधला एक आमचा आहे आणि आम्हाला त्याचं नावसुद्धा सांगता येत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्या खेड्यातली माणसं एवढ्या लांब बसऱ्यालाच का गेली? आणि नावं कुठे मिळतील?

जुनापुराणा
@निरगुडी, पाटीबद्दल आधी. अशा पाट्या इंग्रज सरकारने युद्धानंतर गावोगाव बसवल्या, साताऱ्यात आणि कोकणात बऱ्याच ठिकाणी चावडीत, शाळेत, देवळाजवळ सापडतात. मजकूर सगळीकडे साधारण हाच, फक्त आकडे बदलतात. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, तिथले ४६ जण त्या एका युद्धात कामी आले. एका गावातले.

आता बसरा का. त्या वेळी हिंदुस्थानातल्या फौजेच्या डिव्हिजनी होत्या, त्यातली सहावी म्हणजे पूना डिव्हिजन. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरणार हे दिसायला लागल्यावर इंग्रजांना आबादानच्या तेलाची आणि इराणच्या आखाताची काळजी, म्हणून या डिव्हिजनचा पहिला भाग ऑक्टोबर १९१४ मध्येच मुंबईहून बोटीने निघाला. ६ नोव्हेंबरला शत्त-अल-अरब नदीच्या तोंडाशी फाव इथे उतरले आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या पूना डिव्हिजनमध्ये होत्या, बाकीच्या नंतर आल्या. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे फौजेतले इंजिनियर, पण होते. म्हणून फ्रान्स, आफ्रिका सगळीकडे आपली माणसं गेली तरी घराघरात नाव राहिलं ते बसऱ्याचं. पत्रं बसऱ्याहून यायची, जखमी बसऱ्याहून यायचे, पगाराची मनिऑर्डर निघायची ती पण "बसऱ्याचा पैसा".

तुमचा थोरला कुठल्या पलटणीत होता हे कळलं तर पुढचं बरंच सोपं होईल.

शेवंती
वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे (माण तालुका) याला "जर्मनची लढाई" म्हणायचे. माझ्या सासरी देवघरात टाकांच्या शेजारी एक मोठी पितळेची चकती असते, तळहाताएवढी. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून दर सणाला चिंच लावून घासतेय. तिच्यावर एक बाई, पुढे सिंह आणि कडेने इंग्रजी अक्षरं. सासूबाई म्हणायच्या ही देवी आहे, सिंहावरची, पूर्वजांनी आणलेली. मी पण तसंच समजत होते, कुलस्वामिनीचाच टाक. ते काय असेल?

जुनापुराणा
@शेवंती ताई, ती देवी नाही पण देवघरातून हलवू नका. ती ब्रॉन्झची स्मृतिचकती आहे. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी इंग्रज सरकारने पाठवली होती, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, अशा १३ लाखांच्या वर ओतल्या. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक, हातात हार धरलेली. कडेच्या अक्षरांचा अर्थ "हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला" असा काहीतरी. पण उजवीकडे एक चौकट असेल बघा, बाईच्या हाताखाली. त्या चौकटीत नाव असतं. मुद्दाम हुद्दा न घालता नुसतं नाव, म्हणजे जनरल असो की शिपाई, चकती एकसारखी.

शेवंती
चौकट आहे. अक्षरं घासून घासून पार गुळगुळीत झालीत, पण उजेडात तिरकी धरली की दिसतात. मुलाने वाचलं. आडनाव आमचंच आहे. नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

शंभर वर्षं आम्ही त्यांना हळदकुंकू वाहत होतो आणि ते कोण हे माहीत नव्हतं. आत्ता जास्त लिहवत नाही, नंतर येते.

पाणवठा
धागा चांगला आहे पण एक मनातलं बोलतो, राग मानू नका. ही माणसं लढली कुणासाठी? इंग्रजांच्या तेलासाठी, इंग्रजांच्या राज्यासाठी, आणि ज्यांच्या विरुद्ध लढली त्या तुर्कांनी, अरबांनी आपलं काय वाकडं केलं होतं. इंग्रज निघून गेले, आपण त्यांच्या पाट्या गुलाल लावून वाचायच्या का? त्याच काळात मंडालेहून सुटून आलेले टिळक काय म्हणत होते ते आठवा. १० जून १९१८ ला मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली. टिळक बोलायला उठले, स्वराज्य आणि लष्करभरतीचा संबंध काढताच गव्हर्नरने त्यांना थांबवलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. माणसं हवीत पण त्या माणसांना हक्क नकोत, असा सगळा तो कारभार.

डोंगरवाट
@पाणवठा, तुमचं म्हणणं चूक नाही, पण खटावच्या पोराला टाऊन हॉलमध्ये काय चाललंय हे कसं कळणार? खटाव-माण म्हणजे दुष्काळी पट्टा, पाऊस नाही, जमीन हलकी, भाऊ चार. पलटणीत गेलं की पोटाला मिळतं आणि महिन्याला घरी चार रुपये येतात. माझे पणजे असेच गेलेले, भरतीवाल्याने छाती मोजली आणि गाडीत बसवलं एवढंच ते सांगायचे. ते परत आले म्हणून मी आहे. राज्य कुणाचं होतं त्याचा राग राज्यावर काढा, पोरांवर नको.

पाणवठा
पोरांवर राग नाहीच. राग असलाच तर याचा आहे की माणूस घेतला आणि परत आकडा दिला. त्या बाबतीत मी @निरगुडी यांच्याच बाजूचा आहे.

जुनापुराणा
आकड्याची गोष्ट निघालीच आहे तर कूटच्या वेढ्याबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय बसऱ्याची कहाणी पुरी होत नाही आणि शाळेत आपल्याला फ्रान्समधल्या सोम आणि व्हर्दांच्या लढाया शिकवतात, कूट कुणी शिकवत नाही.

बसरा पडल्यावर फौज तैग्रिस नदीने वर वर सरकत गेली. जनरल टाऊनशेंड. कुर्ना, अमारा, सप्टेंबर १९१५ मध्ये कूट-अल-अमारा. प्रत्येक ठिकाणी जिंकत गेले आणि तीच मोठी चूक झाली, कारण बगदाद आता हाताशी आलं असं वरच्यांना वाटायला लागलं. बोटी कमी, औषधं कमी, मागून कुमक नाही आणि बसऱ्यापासून शेकडो मैल आत. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांनी अडवलं, भयंकर माणूस मेला, मागे फिरले, ३ डिसेंबरला कूटला पोचले आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. १४७ दिवस. सोडवायला आलेल्या फौजेचीच २३ हजार माणसं मेली नाहीतर जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही.

आत काय चाललं होतं ते वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. धान्य संपत आलं तेव्हा घोडी आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई खाऊ लागले, आपले खाईनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीचे निरोप मागवले गेले, तरी बहुतेक जण शेवटचे काही आठवडे येईपर्यंत नाहीच म्हणत राहिले. गावाकडे कळलं तर जातीत घेतील का, पोरीचं लग्न होईल का, ही भीती. त्यामुळे झालं असं की गोऱ्यांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी झाला आणि आपल्या लोकांना भाजी नाही, मांस नाही म्हणून स्कर्व्ही, हिरड्या सुजून रक्त यायचं. पालेभाजीचं बी पेरून बघितलं, रानातला पाला शिजवून खाल्ला. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली, वेढ्यातल्या फौजेला विमानाने अन्न पुरवायचा जगातला तो पहिला मोठा प्रयत्न. दळायला जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले. पण त्या काळची विमानं नेणार किती, आणि कितीतरी पोती नदीत नाहीतर तुर्कांच्या हद्दीत पडली. शेवटी 'जुल्नार' नावाची आगबोट २७० टन धान्य भरून रात्री वेढ्यातून आत पाठवली, ती पण अडकली. तुर्की सेनापतीला आधी दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ केले, त्याने नाकारले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यात आपल्या १०३, ११० आणि ११७ मराठा.

पुढे टाऊनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, रास-अल-ऐनकडे आणि तॉरस-अमानसच्या डोंगरात, बर्लिन-बगदाद रेल्वेचे बोगदे खणायला. वाटेत जो पडला तो तिथेच राहिला.

"तिकडंच राह्यला" हे तुमच्या घरातलं वाक्य वाचल्यापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय.

निरगुडी
@जुनापुराणा, रात्री हे आत्याला फोनवर वाचून दाखवलं. घोड्याच्या मांसाचं ऐकल्यावर ती म्हणाली, "आमच्यात अजून कुणी मटणाला पयला घास नैवेद्य दावल्याबिगर शिवत न्हाई, ते पोरगं तिथं काय खात असंल." बराच वेळ गप्प होती.

बंदरवारा
रत्नागिरीचा आहे, माझ्याकडून थोडी भर. पलटणीतल्या लोकांची निदान पाटी तरी आहे. आमच्या किनाऱ्यावरून जी माणसं बोटीवर गेली, खलाशी, आगवाले, टंडेल, सारंग, त्यांच्या गावात तेवढंही नाही. कोकणातले मुसलमान, भंडारी, खारवी बरेच होते. भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला बोटीच्या पार तळात असतो, पाणबुडीचा टॉर्पेडो लागला की पहिला तोच जातो. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे पहिल्या युद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे. किती मुंबईकर त्याच्या शेजारून रोज जातात. मी तिथे गेलोय, आपल्या माणसाची कबर समुद्रात आहे हे सांगणारी एवढी एकच जागा मला माहीत आहे.

रानजाई
आणखी एक बाजू सांगते, मी नर्सिंगमध्ये होते म्हणून हा भाग मला जास्त लागतो. टेसिफॉनच्या जखमींना बिनस्प्रिंगच्या बैलगाड्यांतून आणि मग नदीच्या बोटींवर उघड्या डेकवर कोंबून खाली बसऱ्याला आणलं. 'मेजिदिए' नावाची बोट आली तेव्हा 'वरेला' या इस्पितळ-बोटीवर मेजर कार्टर म्हणून डॉक्टर होते, त्यांना लांबून वाटलं बोटीच्या बाजूने दोऱ्या लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा होती, माणसांना हलताही येत नव्हतं म्हणून जागेवरच झालेली, तेरा-चौदा दिवसांची. त्यांनी तक्रार केली तर वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतलं. पुढे चौकशी समिती बसली, १९१७ मध्ये तिचा अहवाल आला, लंडनमध्ये एवढा गदारोळ झाला की भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि त्याच ऑगस्टच्या २० तारखेला हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा झाली. म्हणजे शाळेत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा म्हणून पाठ केलं त्याच्या मागे ती बोट पण आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मुंबईचं आपलं म्युझियम, काळा घोड्याजवळचं, त्याची इमारत १९१४ ला बांधून झाली पण युद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. म्युझियम म्हणून ते १९२२ ला उघडलं. लहानपणी मी तिथे शाळेच्या सहलीला गेले होते, ज्या दालनात मूर्ती बघितल्या तिथे खाटा होत्या.

आणि पाटीवरचे ६ आकडा म्हणून लहान वाटत असेल तर १९१८ चा ताप विसरू नका. @पाणवठा यांनी टिळकांच्या सभेची तारीख दिली, १० जून १९१८. त्याच दिवशी मुंबई गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात भरती झाले, मुंबईतल्या इन्फ्लुएंझाची सुरुवात तिथून धरतात. फौजा ने-आण करणाऱ्या बोटींमधून ताप आला, आगगाडीने देशावर गेला. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं मेली, त्यात तरण्या बायका फार. कितीतरी शिपाई लढाईतून जिवंत परत आले आणि घर बंद सापडलं. त्या मेलेल्यांची पाटी कुठल्याच चावडीत नाही.

डोंगरवाट
@रानजाई, आमच्या पणज्यांचं हेच झालं. ते परत आले तेव्हा पहिली बायको आणि मुलगी तापात गेलेली. आमची पणजी दुसरी. हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

चावडी
@निरगुडी, गावची पाटी वाचताना एक लक्षात ठेवा, त्या ६ मध्ये सगळ्या आळ्यांतली माणसं असू शकतात. महारांची भरती इंग्रजांनी १८९० नंतर बंद केली होती, ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या फौजेत काढल्या त्यांना लढवय्ये नाहीत म्हणून बाहेर काढलं. महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही, १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेल्यावर पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. शिवाय फौजेबरोबर गेलेले पाणके, मोतद्दार, सफाईवाले, डोलीवाले यांना 'फॉलोअर' म्हणायचे. त्यांना युद्धपदकसुद्धा चांदीचं नाही, ब्रॉन्झचं. नावं शोधाल तर एकाच आळीतली शोधू नका, सहाच्या सहा शोधा.

निरगुडी
@चावडी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आमच्या भावकीपुरताच विचार करत होतो. सहाच्या सहा शोधायचे, ठरलं.

जुनापुराणा
आता शोधायचं कसं ते लिहितो.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे, ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून जास्त जणांचं. १९१४ पासून ऑगस्ट १९२१ पर्यंतचे. (पाटीवर १९१९ असलं तरी आपली माणसं त्यानंतरही तिथेच होती, १९२० चं इराकी बंड मोडायला सुद्धा.) सद्दामच्या काळात १९९७ मध्ये ते स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. त्या भिंतींवर गोऱ्यांची नावं शिपायापर्यंत कोरलीयत. आपल्यातल्या अधिकाऱ्यांची कोरलीयत. आणि आपल्या साध्या शिपायांचं काय, तर पलटणीचं नाव आणि त्याखाली "आणि इतके इतर हिंदी सैनिक". म्हणजे खटावच्या चावडीत जो आकडा आहे तोच तिकडे बसऱ्यात पण आहे. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) अहवालात हे स्वच्छ मान्य केलं, ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असं असमान झालं आणि निदान १ लाख १६ हजार जणांचं नावानिशी झालंच नाही.

पण नावं कागदावर होती, नोंदवह्यांत. त्यातली पुष्कळशी आता कमिशनच्या वेबसाईटवर शोधता येतात. नावाने शोधू नका, स्पेलिंगचा पार चुथडा केलेला असतो. गावाच्या नावाने शोधा, माहितीच्या रकान्यात "अमक्याचा मुलगा, राहणार अमुक, तालुका, सातारा" असं बऱ्याचदा असतं. खटावचं जुनं स्पेलिंग 'खटाओ' वाचलं जाईल असं लिहायचे ते घालून बघा, गावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा. कुणाच्या घरात पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. बऱ्याच घरांत चांदीचं म्हणून ते सोनाराकडे गेलं, पण विचारून बघा.

मोडीवाचक
धागा उशिरा बघितला. वाचनखूण साठवली. एक मार्ग राहिला, फेरफार. थोरल्याच्या नावे जमिनीचा हिस्सा असणारच. माणूस मेला की वारसाची नोंद होते. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार असतात, १९१५ ते १९२२ चे काढा. मोडीत असतील, फोटो काढून मला पाठवा, वाचून देतो. पैसे नकोत.

बंदरवारा
हे बेस्ट. मी पण माझ्या गावचे काढतो.

डोंगरवाट
मधल्या वेळात एक सांगावंसं वाटलं. कूटला शरण गेल्यावर १०३ आणि ११० पलटणी नव्याने उभ्या केल्या, १९२२ च्या फेररचनेत १०३ झाली ५ मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन आणि ११० झाली तिसरी. दुसऱ्या महायुद्धात त्याच तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात. तुकडीतले सगळे पडले तेव्हा एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ग्रेनेड टाकला, टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या तर दस्त्याने मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांमधून पाठीवर आणून परत तीन मशीनगनी बंद केल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडग्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या माँटोने गावाने त्यांच्या आठवणीत सौरघड्याळ उभारलं. इटलीतल्या गावाने. नाव असलं की माणूस कुठल्या कुठे पोचतो बघा.

शेवंती
परत आले. चकतीवरचं नाव घालून वेबसाईटवर मुलाने शोधलं, सापडले. वडिलांचं नाव जुळलं. १९१६ मध्ये गेले, मे महिन्यात, म्हणजे कूटच्या शरणागतीनंतर. चकती देवघरातच ठेवलीय. आता पितरांना पान ठेवताना त्यांचं नाव घेणार, सासरेबुवांनी स्वतः म्हटलं. घासणं मात्र बंद केलं, अक्षरं आहेत तेवढी राहू देत.

निरगुडी
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

वेबसाईटवर गावाची सात स्पेलिंगं करून चार जण सापडले. दोन ११० पलटणीचे, एक ११७ चा, आणि एक फॉलोअर, ज्याच्या नावापुढे आडनाव नाही, फक्त वडिलांचं नाव आणि गाव. @चावडी, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. खालच्या आळीत विचारलं तर एका आजोबांनी लगेच ओळखलं, म्हणाले आमच्या आज्याचा चुलता, पाणक्या म्हणून गेलेला.

थोरला त्या चारांत नव्हता. मग अभिलेख कक्षात दोन दिवस घालवले, बासनं सोडून फेरफार काढले, फोटो @मोडीवाचक यांना पाठवले. परवा रात्री त्यांचा मेसेज आला. १९१७ चा फेरफार. खातेदार मयत, बसरे मुक्कामी, पलटणीत असता. वारस धाकटा बंधू. धाकटा बंधू म्हणजे माझे पणजोबा, त्यांचं नाव मी ओळखतो. आणि त्याच्या वरच्या ओळीत थोरल्याचं नाव.

इथे नाव टाकत नाही, आधी भावकीला सांगायचंय. पण आत्याला त्याच रात्री फोन केला. तिने मला तीनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "अरे, हे नाव तर माझ्या बापाला ठेवणार होते, आजीनं ठेवू दिलं न्हाई, म्हणाली ह्या नावाचं माणूस घरी येत न्हाई." म्हणजे पणजीला माहीत होतं. तिने ते कधी तोंडातून काढलं नाही, आणि तिच्याबरोबर ते गेलं.

पाच झाले. सहावा राहिलाय. चावडीची भिंत अजून ओली आहे, सरपंचांना सांगितलंय की पाटीच्या खाली दुसरी पाटी बसेपर्यंत रंग लावू नका. फेरफाराची अजून दोन बासनं सोडायची आहेत, सोमवारी परत जातोय.

मोडीवाचक
फोटो काढताना पानाची डावी कड कापली जाऊ देऊ नका, तारखा तिथे असतात. वाट बघतो.

पाणवठा
@निरगुडी, मी सोमवारी साताऱ्यातच आहे. बासनं सोडायला येतो.